तीनशे अठरा जुने पत्ते

फळीपलीकडे दोघे भाऊ कडाकडा भांडत होते.

"साइटला तुझं ते नवं नाव आलं आणि गिऱ्हाईक पळालं!" थोरला ओरडला.

"नावाला काय झालंय? जुन्या पत्त्यावर जाणारा प्रत्येक माणूस आपोआप नव्या साइटवर येतो. मी स्वतः रिडायरेक्ट केलंय."

"येतो, आणि आल्या पावली परत जातो! फोन निम्म्यावर आलेत. महिनाअखेर सुट्या भागांची सगळी पानं काढून टाक. नव्या मशिनीच विकू."

अलीकडे त्यांची आत्या शिलाई मशीनच्या शटलचं तेल पुसत बसली होती. तिचा हात थांबला. ती पानं म्हणजे तिची अकरा वर्षं.

सातवीतच शाळा सुटलेली ही बाई नवरा गेल्यावर भावाच्या, म्हणजे या दोघांच्या वडिलांच्या, दुकानात आली. एका बोटाने टाइप करायला शिकली. एकेक भाग हातात घेऊन त्याचं पान लिहायची: कुठल्या मशिनीला बसतो, झिजला की कसा आवाज करतो. अशी तीनशे अठरा पानं झाली. कुणाची जुनी मशीन अडली आणि त्याने नेटवर शोधलं, की हेच दुकान सगळ्यांत वर दिसायचं. शेजारणीने कौतुक केलं तर आत्या आढेवेढे घेत नसे. "वर दिसतं ना, ते माझं," म्हणायची.

दोघे भाऊ जेवायला गेले, तेव्हा ती संगणकापुढे बसली. पायमशीनच्या शटलचा जुना पत्ता टाकला. समोर आलं नव्या दुकानाचं दर्शनी पान, वर हसरी मुलगी. पट्ट्याचा पत्ता टाकला, तीच मुलगी. बॉबिनचा टाकला, पुन्हा तीच.

धाकटा परतला तसं तिने त्याला बोलावलं. "अरे, शटल मागायला आलेल्याला तू नुसता ओट्यावर बसवून ठेवतोस होय?"

"आत्या, सगळे पत्ते एकाच ठिकाणी वळवले. सोपं पडलं."

"तुला सोपं पडलं. आणि ते तुझं सर्च इंजिन? माझ्या शटलच्या पानाला त्याने अकरा वर्षं वरची जागा दिली, ती कशाच्या जोरावर? त्या पानात शटलची माहिती होती म्हणून. आता तिथे शटलच नाही, तर ते तरी कशाला वर ठेवील?"

धाकट्याने एक जुना पत्ता स्वतः उघडून पाहिला. मग हळूच म्हणाला, "खरंय. प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाकडे वळवायला हवं होतं. तेही कायमचं म्हणून. तरच जुनी पत नव्या पत्त्याला मिळते. पण तीनशे अठरा गं!"

"मोजलीत मी. तू फक्त वळव."

तिने वहीत पट्टीने दोन रकाने आखले. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. अकरा भाग आता बनतच नव्हते. "ते जवळपासच्या कशाकडे तरी वळवू," धाकटा म्हणाला. "मुळीच नाही. नाही ते नाही म्हणून सांग. लोकांना फसवलेलं कळतं." उरलेले तीनशे सात पत्ते नऊ दिवसांत ज्याच्या त्याच्या जागी लागले.

थोरल्याने महिनाअखेरीची मुदत कुरकुरत पुढे ढकलली. सर्च इंजिनला काही घाई नव्हती. पाचव्या आठवड्यात एका शिंपिणीचा फोन आला. तिला शटलच हवं होतं, आणि नेटवर पहिलं हेच दुकान दिसलं होतं. चौथ्या महिन्यात फोन पूर्वीपेक्षा जास्त झाले. पानं काढायची गोष्ट थोरल्याने पुन्हा काढली नाही. उलट गिऱ्हाइकांपुढे मिरवायचा, "आमची आत्या सातवी पास, पण भल्याभल्यांना—"

"नापास," आत्या आतून म्हणायची. "सांगायचं तर नीट सांग."

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती सगळे जुने पत्ते स्वतः उघडून बघायची. अशी सहा वर्षं गेली. मग डोळे दमले आणि तिने काम सोडायचं ठरवलं. शेवटचा दिवस नेमका महिन्याच्या पहिल्या सोमवारी आला. भाच्यांनी दुपारीच हार आणून ठेवला होता.

"आत्या, आज तरी राहू दे."

"हार काही पळून जात नाही."

तिने वही उघडली, पट्टी पहिल्या ओळीखाली धरली आणि पत्ता टाकला. दोनशे चाळिसाव्याला पान भलतंच आलं. धाकट्याला हाक मारली, दुरुस्त करून घेतलं, पुन्हा उघडून पाहिलं. तीनशे सातव्यापुढे बरोबरची खूण केली, संगणक बंद केला आणि मग हारासाठी मान पुढे केली.