अठरावी चिठ्ठी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या बायका बहुतेक करून आपण संकटात किती विश्वासू राहिलो ते सांगतात. माझ्याकडे तसं सांगण्यासारखं काही नाही. त्या वर्षी मला माणसांचा भरवसा नव्हता, आणि देवाचाही फारसा उरला नव्हता. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा बोटीवर कूक, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मुलगी बारावीला. मी घरी शिवणाचा क्लास चालवायचे, आणि रत्नागिरीतली आमची मेथॉडिस्ट मंडळी अगदी लहान असल्यामुळे महिला मंडळाची चिटणीस होण्याचा मान कधीतरी माझ्या गळ्यात पडला होता, तो पडलेलाच होता.

पाऊस ओसरला आणि उन्हं कडक पडायला लागली, त्या दिवसांतल्या एका सकाळी अंघोळ करताना उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, माझ्या बोटांना गाठ लागली. चिंचोक्याएवढी, टणक. मी तशीच ओल्या अंगाने मोरीत बसून राहिले. मला काय ते लगेच कळलं, कारण माझी मोठी बहीण याच दुखण्याने गेली होती. तिने आपलं दुखणं प्रार्थनासभेत मोकळेपणाने सांगितलं होतं, आणि तिथूनच सगळं बिनसलं असं मी मनात धरून बसले होते. आमच्यात कोणी कोणाची चहाडी करत नाही हो. "प्रार्थनेसाठी म्हणून तुला सांगते" असं म्हणतात. तेवढं म्हटलं की मग काहीही सांगायला मोकळीक. आठ दिवसांत ताईच्या गाठीची बातमी बाजारापर्यंत गेली. खाटेभोवती रोज माणसं, ती बिचारी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि ती जिवंत असतानाच ओसरीवर दोघीजणी माझ्या मेहुण्यांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलत होत्या. मी ते या कानांनी ऐकलंय. मोरीतून उठताना मी ठरवलं, मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, तोवर कोणाला म्हणजे कोणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्याच संध्याकाळी महिला मंडळाच्या चिठ्ठ्या होत्या. ही आमची जुनी रीत. पावसाळा संपला की मंडळीचे कार्यक्रम सुरू होतात, देवळाची (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) साफसफाई, दर बुधवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा, आणि शेवटी भातकापणी उरकल्यावर हंगामाचा सण. पहिल्या सभेत सगळ्या बायकांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका सुपात टाकतात. प्रत्येकीने एक उचलायची, जिचं नाव येईल तिच्यासाठी सणापर्यंत रोज गुपचूप प्रार्थना करायची आणि अधूनमधून तिच्या दारात काहीतरी ठेवायचं, अबोलीचा गजरा, चार केळी, असलं काही. नाव मात्र सणाच्या दिवशीच फोडायचं. चिठ्ठ्या लिहायच्या चिटणिसाने. दुपारी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीचे अठरा तुकडे कापले, घड्या घातल्या, मोजले. आम्ही अठराजणीच होतो. हात लिहीत होता, मन मोरीत होतं.

माझ्या चिठ्ठीत सुलोचना सिस्टर आली, आणि माझं तोंड कडू झालं. ही बाई नगरकडची. नर्स होती, जूनमध्ये बदली होऊन आली होती. एकटी राहायची, कमी बोलायची, आणि बघायची फार. कोणाकडेही टक लावून बघत बसायची. त्या संध्याकाळी ती चिठ्ठी उघडून बराच वेळ बघत राहिली, मग बायबलच्या कव्हरात सरकवून तिने विचारलं, "चिठ्ठ्या कोणी लिहिल्या?"

"मी. का?" मी म्हटलं.

"नाही, सहज," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, अक्षर वाचता आलं नसेल, किंवा चिटणीसपदावर डोळा असेल. मी दुसरंच खरं धरून बसले.

पुढच्या बुधवारपासून दारांत वस्तू यायला लागल्या. पाळकीणबाईंच्या, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नीच्या, पायरीवर पडवळ, मार्थाकाकूंकडे ओल्या नारळाच्या वड्या. मार्थाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण, मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर. प्रार्थनासभेला जाताना बायका आपल्याला काय मिळालं ते हसत सांगायच्या. माझ्या दारात काहीच नव्हतं. एक बुधवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मार्थाकाकू म्हणाल्या, "काय गो, तुला ज्या बायने उचललंन ती चिकट दिसत्ये." मी हसले, पण मला ते लागलं. दर सभेत मी एकेकीचं तोंड निरखायचे. ही असेल का? हिचं माझ्याशी गेल्या नाताळात बिनसलं होतं. की ती असेल, जिचा ब्लाउज मी घट्ट शिवला होता? आपल्यासाठी प्रार्थना करायचा कोणालातरी कंटाळा येतोय, हे कळणं फार वाईट. आणि ते अशा वेळी, की अंघोळीला गेलं की हात आपोआप त्या गाठीपाशी जायचा. मला कोणाला सांगायचं नव्हतं आणि कोणीतरी ओळखावं असंही वाटत होतं. इतकी वेडी झाले होते मी.

देवळाची साफसफाई झाली त्या दिवशी बाकांवरची बुरशी पुसता पुसता मी मान वर केली, तर सुलोचना सिस्टर हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत होती. नंतर बायकांमध्ये फिरून ती प्रत्येकीला काहीबाही विचारत होती, तुमच्याकडे काय आलं, कोणाकडे काहीच आलं नाही असं कोणी आहे का. ही नसती चौकशी कशाला? मी उत्तर द्यायच्या ऐवजी बादली उचलून विहिरीवर गेले. डाव्या हाताने उचलली, कारण उजवा मी हल्ली अंगाशी धरूनच वागायचे. काखेत ओढ लागायची.

मग एके दिवशी ती क्लासला आली. ब्लाउज उसवलाय म्हणाली. मी पाहिलं तर उसवला बिसवला काही नव्हता, एका बाजूची दोन टाकेभर शिलाई मुद्दाम ब्लेडने कापलेली कळत होती. वीस वर्षं शिवण शिकवतेय, उसवलेलं आणि कापलेलं मला कळू नये? म्हणजे ही घरात शिरायला बहाणा करून आली होती. मी मशीनवर बसले, ती समोर स्टुलावर बसून माझे हात बघत होती. फळीवरची दोऱ्याची रिळं मी डाव्या हाताने काढली, तेही तिने बघितलं.

"तब्येत बरी आहे ना ताई?" तिने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. मुलगी आत अभ्यास करत होती. मी ब्लाउज तिच्या हातात जवळजवळ कोंबला आणि तिला दारापर्यंत पोचवून आले. माझी खात्रीच पटली की हिला वास लागलाय. नर्सबाई, हिला काय, एका नजरेत कळतं. आता बुधवारी ही डोळे मिटून, गळा दाटून, नाव न घेता सगळ्यांना कळेल अशी प्रार्थना करणार, आणि गुरुवारी माझ्या मुलीला कॉलेजमध्ये कोणीतरी विचारणार, आईला काय झालंय गो?

तरी नेम तो नेम. रोज सकाळी मी तिच्यासाठी प्रार्थना करत होतेच. कशी करत होते ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. "प्रभू, या बाईची नजर माझ्यावरून काढ." बस, एवढीच. सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. तिच्या दारात मी दोनदा काकड्या ठेवल्या, त्याही कडू निघाल्या असत्या तर मला वाईट वाटलं नसतं. ती क्लासला येऊन गेली त्यानंतरच्या बुधवारी मी जीव मुठीत धरून बसले. तिने नवीन आलेल्या पोस्टमनच्या पायासाठी प्रार्थना केली आणि खाली बसली.

हंगामाच्या सणाला वेदीपुढे शेतातलं नि परसातलं सगळं मांडलं होतं. भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसं, दुधी, चिबूड, शहाळ्यांचे घड. उपासना झाली, पाळकसाहेबांनी उपकारस्तुती केली, मागच्या पडवीत प्रीतिभोजनाचे वडे तळल्याचा वास येत होता. मग नावं फोडायची वेळ झाली. प्रत्येकीने एक फूल घेऊन आपल्या बाईकडे जायचं. देऊळभर हसणं, मिठ्या, "अगो, तू होतीस होय?" मी सुलोचना सिस्टरकडे गेले, फूल दिलं, "तुमचं नाव माझ्याकडे होतं" असं कोरडं म्हटलं आणि माझ्या जागी येऊन उभी राहिले. माझ्याकडे कोणी आलं नाही. सगळ्या जोड्या जुळल्या. मार्थाकाकूंनी इकडेतिकडे पाहिलं. मी चिबडांच्या राशीशेजारी उभी होते, हात साडीच्या पदरात गुंडाळून, आणि मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शेवटी मी मागच्या दाराने विहिरीकडे निघाले.

ती माझ्या मागोमाग आली. बायबलच्या कव्हरातून तिने चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. एका बाजूला कॅलेंडरवरचा अर्धा आकडा, दुसरी बाजू कोरी.

"मला हीच निघाली," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी वाटलं, परत द्यावी. मग म्हटलं, कोणाचं तरी नाव राहिलंय. द्यायची कशाला, ती कोण आहे ते आधी शोधावं. सगळ्यांकडं बघत हिंडले मी. लिहिणारीचंच राहिलं असंल, हे लई उशिरा सुचलं. खात्री नव्हती, म्हणून दारात काही ठेवलं नाही. आज कळलं." मग तिने आवाज एकदम खाली आणला. "ताई, उजवा हात तुम्ही वर नेत नाही. किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. तुम्ही नका सांगू वाटलं तर. मी पण कोणाला सांगितलं नाही. प्रार्थनेत देखील मोठ्यानं नाव घेतलं नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं सगळं अवसान गळालं. मी विहिरीच्या कठड्यावर बसून रडले, तोंडात पदर कोंबून, ताई गेल्यावर रडले नव्हते इतकी रडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की सांत्वन केलं नाही. ती माझ्या आणि देवळाच्या दाराच्या मध्ये पाठमोरी उभी राहिली, कोणाला मी दिसू नये म्हणून. कोणीतरी दारातून विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही, कांदा कापत होत्या." कांदा कुठेच नव्हता. मला रडता रडता हसू आलं. मग मी म्हटलं, "बेचाळीस दिवस झाले, सिस्टर."

मंगळवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो. मुलीला निघण्याआधीच सिस्टरने समोर बसवून शांतपणे सांगितलं. मी घाबरत होते तेवढं काही झालं नाही, उलट पोरगी म्हणाली, आई, तू रोज अंघोळीला एवढा वेळ लावतेस, मला वाटलं तू माझ्यावर रागावून रडतेस. ती मार्थाकाकूंकडे राहिली. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की मार्च फार लांब होता. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, केस गेले, केस आले. मंडळीला मग मी स्वतःच सांगितलं, उभं राहून. बायका आल्या. खाटेभोवती बसल्या नाहीत, कारण सिस्टर दारात बसायची आणि एकावेळी एकीलाच आत सोडायची. डबे मात्र सगळ्यांचे घ्यायची. मुलगी बारावीला चांगली पास झाली. नवरा बोटीवरून उतरला तेव्हा मी दोन्ही हातांनी दार उघडलं, उजवा थोडा कमी वर जातो, तेवढंच.

चिठ्ठ्या आता मी लिहीत नाही. त्या दुपारी काय झालं ते पुष्कळदा आठवून बघते. सतरा नावं लिहिलेली आठवतात. अठरावं, माझं, लिहायला घेतलं तेव्हा पेन हातात होतं आणि मला वाटत होतं, माझं नाव कोणाच्या तोंडी नको. नंतरची घडी घातलेली आठवत नाही. अठरा हातांपैकी नर्सचा हात एकच होता, आणि ती चिठ्ठी त्याच हातात गेली. मला यावर वाद घालायचा नाही. ज्याला जे वाटेल ते वाटो.

सिस्टरची पुढे दोन वर्षांनी बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी तिला माझी सहा आठवड्यांची प्रार्थना सांगून टाकली. म्हटलं, ज्या बाईसाठी प्रार्थना करायची, तिचीच नजर माझ्यावरून काढ म्हणून मी देवाच्या मागे लागले होते. ती हसली नाही. तिच्या सवयीप्रमाणे माझ्याकडे टक लावून बघत राहिली, आणि मीही या वेळी तोंड फिरवलं नाही. देवाने माझं आयुष्यात पुष्कळ ऐकलं, त्याबद्दल त्याचे उपकार आहेतच. पण रोज सकाळी गुडघे टेकते तेव्हा आधी आभार मानते ते त्या सहा आठवड्यांचे. मी रोज मागत होते, आणि त्याने माझं ऐकलं नाही.