आई काय म्हणाली, गुरुजी काय म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खोलीत सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला नाही, आईला नाही, गुरुजींना तर नाहीच. सांगायची वेळ कितीदा तरी आली – आणि दरवेळी मी दुसरंच काही सांगून मोकळी झाले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं होत नाहीये. तरी लिहिते.

मी ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते, शेवटच्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. आमचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आलापल्लीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बराच आत आहे. घरात आम्ही गोंडी बोलतो. धान निघालं की टोल्यातली बरीच घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. आई-बाप गेले की लेकरंही जातात, आणि शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली. आई-बाप परत येईपर्यंत मुलांनी शाळेतच राहायचं, जेवायचं, शिकायचं. मी अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. आता सुट्टीच्या दिवशी त्याच कामात मदत करते. मुलांची नावं नोंदवणाऱ्या पथकासोबत गावोगाव जाते. आया गोंडीत बोलतात, ते मी पथकाच्या मॅडमना मराठीत सांगते. मॅडम मराठीत बोलतात, ते आयांना गोंडीत.

मॅडम मला फार चांगलं म्हणतात. एका मेळाव्यात त्यांनी मला माइकवर बोलायला उभं केलं. मी म्हणाले, माझे आई-वडील शिकलेले नाहीत, पण त्यांनी मला शाळेत ठेवायचं ठरवलं, म्हणून मी आज इथं आहे. टाळ्या पडल्या. मग हे वाक्य मी सगळीकडे म्हणू लागले. आमच्या टोल्यातही म्हणाले. माझी बहीण सोमी समोर बसली होती. सगळ्यांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या.

ते वाक्य खोटं आहे. आई-वडिलांनी तसं काही ठरवलं नव्हतं.

कसं सांगू? आधी मिरचीचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. दिवसभर मिरची तोडली की हातांची आग होते. धुतले तरी ती आग जात नाही. त्या हातानं तान्ह्या लेकराला धरता येत नाही – डोळ्याला, ओठाला बोट लागलं की ते तडफडतं. म्हणून ज्या घरात तान्हं असतं, त्या घरातली एक पोरगी मिरचीला हात न लावता नुसती त्याला सांभाळायला नेतात. ही पोरगी म्हणजे घरातली मोठी. आमच्याकडे तशीच रीत. आमच्या घरातली मोठी मी.

मी तिसरीत होते, त्या वर्षी गेले होते. शेताच्या कडेला दिवसभर बाळाला कमरेवर घेऊन उभी राहायची. मिरच्या वाळत घातलेल्या असत, त्यावरून वारा आला की आम्ही दोघं शिंकत आणि रडत असू. बाळ आईकडे झेपावायचं आणि आई हात मागे घ्यायची. आईचा तो चेहरा मला आठवतो. पण त्या वेळी मला आईची दया आली नव्हती. मला स्वतःचीच आली होती. परत आले तर वर्गातल्या मुली पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर होत्या.

पुढच्या वर्षी गुरुजींनी पालकांची बैठक बोलावली. वसतिगृह नुकतंच सुरू होणार होतं. गुरुजी चामोर्शीकडचे, मार्कंड्याजवळच्या गावचे. चांगला माणूस – हे मला ठासून सांगायचंय. पण त्यांना गोंडी येत नव्हती आणि आईला मराठी येत नव्हती. मला दोन्ही येत होत्या, कारण पहिलीचं वर्ष मी आलापल्लीला मामाकडे काढलं होतं. मामा लाकडाच्या डेपोत कामाला होता, आजूबाजूची सगळी पोरं मराठी बोलायची. त्यामुळे शाळेत कुणाचीही आई आली की गुरुजी मलाच हाक मारत. मी दहा वर्षांची होते, आणि टोल्याचं सरकारशी जे काही बोलणं व्हायचं ते माझ्या तोंडून व्हायचं.

त्या दिवशी आई बाळाला घेऊन आली होती. मागे सोमी. सोमी आठ वर्षांची, दुसरीत. मराठी तिला अजून येत नव्हती, पण शाळा तिला फार आवडायची. आकडे तर माझ्याआधी यायचे. गुरुजी काहीही म्हणाले की मान डोलवायची – कळो, न कळो.

गुरुजींनी मला विचारलं, "काय म्हणते वो तुही माय? कोणाले ठेवून राह्यली?"

आई गोंडीत म्हणाली होती, "मोठीला नेते, तिला सवय आहे. धाकटी राहू दे शाळेत."

मी गुरुजींना म्हणाले, "मले ठेवतो म्हणते."

किती लहान वाक्य आहे ना? मी ते आधी ठरवलं होतं का? खूप वर्षं मी स्वतःला सांगत आले, की नाही, ते तोंडातून निसटलं. निसटलं असतं तर पुढचं बोलले नसते.

"अन् धाकटी?" गुरुजींनी विचारलं.

"ते मायेबिगर राहत नाई म्हणते. रडते."

गुरुजी सोमीकडे बघून हसले. "काऊन वो सोमे? मायेसाठी रडतं का तू?"

सोमीला काही कळलं नाही. गुरुजी आपल्याशी बोलले एवढ्यानंच ती खुलली, आणि तिनं जोरजोरात मान हलवली.

मग मी आईकडे वळले आणि गोंडीत म्हणाले, "गुरुजी म्हणतात, एका घरातलं मोठंच लेकरू घेतात. धाकट्याला घेत नाहीत. नियम आहे."

आईनं गुरुजींकडे पाहिलं. ते अजून सोमीकडे बघून हसत होते. आईला वाटलं, हो म्हणताहेत. पण ती लगेच उठली नाही. बाळाला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं आणि मला म्हणाली, "विचार ना पुन्हा. सांग, ही थोडंच खाते."

मी गुरुजींना विचारलं, "माय विचारते, जेवाले काय भेटते?"

"वरण, भात, भाजी. कधी अंडं भी भेटन. सांग तिले, उपाशी नाई ठेवत आमी पोरीले!"

मी आईला म्हणाले, "नियम म्हणजे नियम, म्हणतात."

आईनं अंगठा दिला. कागदावर माझं नाव होतं. ते मीच वाचून दाखवलं.

दोन दिवसांनी गाडी आली. सोमी बाळाला कमरेवर घेऊन मागच्या फळीशी उभी होती. गाडीत बसायला मिळालं म्हणून ती खुशीत होती. मला ओरडून म्हणाली, "बाई, माझी जागा कुणाला देऊ नको!" – वर्गातली जागा. ती पहिल्या रांगेत बसायची. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मी हो म्हणाले.

मग तिचं काय झालं, कसं झालं – त्याचं मोठं वर्णन करत नाही. ती आली तेव्हा तेलुगूत शंभरपर्यंत मोजत होती. गुरुजींनी फळ्यावरचा आकडा विचारला तर तेलुगूत सांगितला, आणि वर्ग हसला. मीही हसले. पुढच्या वर्षी आईनं कुणाला नेऊ म्हणून विचारलंच नाही. म्हणाली, सोमीला सवय आहे. आधी जे माझ्याबद्दल म्हणायची, ते आता सोमीबद्दल. त्यानंतर एक भाऊ झाला, पुन्हा तान्हं आलं. पाचवीचं वर्ष लागलं तेव्हा ती शाळेत चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी आली नाही. कुणी तिला रागावलं नाही, कुणी बोलवायला गेलं नाही. मीही गेले नाही.

आणि मी? मी शिकत गेले. चौथीनंतर आश्रमशाळा, मग ब्रह्मपुरी. पोटात गोळा घेऊन जगले असं म्हणायला आवडलं असतं. तसं नव्हतं. बराच काळ मला आठवणही यायची नाही. मला शाळा हवी होती, ती मिळाली होती. आठवायला लागलं ते चारोळीमुळे.

गुरुजी आता निवृत्त होऊन गावी असतात. दर उन्हाळ्यात आई जंगलातून चारोळी गोळा करते, फोडते, निवडते आणि एक पुडी माझ्याजवळ देते. म्हणते, गुरुजींना दे, त्यांनी तुला निवडलं. मी कॉलेजला परत जाताना वाटेत उतरून त्यांच्या घरी जाते. गुरुजी पुडी कपाळाला लावतात आणि म्हणतात, "बाई, तुह्या मायले माहा नमस्कार सांग. तिनं तुले ठेवलं म्हणून तू शिकली. अशी माय भेटत नाई." मग मी घरी फोन करून नमस्कार सांगते. आई लाजते. दोघं एकमेकांचे उपकार मानतात, आणि जे केल्याबद्दल मानतात ते दोघांनीही केलेलं नाही. मध्ये मी. अजूनही मीच मध्ये. पुडी पोचवते, निरोप पोचवते.

या जानेवारीत आमचं पथक आमच्याच टोल्यात होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. सोमी तिथेच होती. आमच्या टोल्याची टोळी आता तीच नेते. तेलुगू असं बोलते की तिथले लोक तिला आपल्यातलीच समजतात. फोनवर तिकडच्या मेस्त्रीला, म्हणजे मुकादमाला, झापत होती – पाण्याची सोय केल्याशिवाय माझी माणसं गाडीतून उतरणार नाहीत म्हणून. मॅडम कौतुकानं बघतच राहिल्या. सोमीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "काय कॉलेजवाली, नुसती सावलीत बसून काळी कशी झालीस?" सगळ्या बाया हसल्या.

तेवढ्यात शेजारची एक बाई दोन मुलींना घेऊन आली. म्हणाली, मोठीला नेते, घरी तान्हं आहे. धाकटीचं नाव लिहा.

मी पेन उचललं. आणि सोमी त्या बाईला म्हणाली, अगदी मायेनं, "नाही होत ते. धाकट्याला घेत नाहीत, मोठीलाच घेतात. नियम आहे तो."

बाकीच्या बायांनी माना डोलवल्या. हो, नियम आहे. सगळ्यांना माहीत होता, आईकडून कळलेला. एकीनं सांगितलं, मीही म्हणूनच धाकटीला नेते दरवर्षी. मी वह्या पाहिल्या आहेत – आमच्या टोल्यातून गेल्या कितीतरी वर्षांत मोठ्याच मुलींची नावं आली आहेत. मला वाटायचं, योगायोग असेल. आमच्या बायांना गुरुजींच्या शब्दावर शंका घ्यायची सवय नाही. आणि ते शब्द गुरुजींचे नव्हते.

मॅडमनी मला विचारलं, "काय म्हणताहेत त्या?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सोमीही. गोंडीत चार वाक्यं – एवढंच करायचं होतं. तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल?

मी बायांना म्हणाले, "तो नियम आता बदलला."

आणि मॅडमना म्हणाले, "काही नाही, धाकटीचं नाव लिहायचंय."

ती बाई खूश झाली. मुलीचा हात धरून तिनं तिला पुढे केलं. सोमी माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या हातातला कागद बघू लागली. वाचता येत नाही, तरी बघते. म्हणाली, "बरं झालं बदलला ते. बाई, माझा जन्मच चुकला बघ. तुझ्याआधी आले असते तर मीच असते इथं टेबलावर." आणि हसली. तिच्या मनात काहीही नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःच्या जन्माच्या क्रमाला बोल लावते आहे, आणि तेही हसून.

मी म्हणाले, "गाडीची वेळ झाली."

नियम बदलला नव्हता. नियम नव्हताच. मी राहिले त्या वर्षीसुद्धा वसतिगृहात पहिलीतली मुलं होती. दुसऱ्या गावच्या दोन सख्ख्या बहिणीही होत्या, एका ताटात जेवायच्या. मी त्यांच्या शेजारी बसायचे. सोमीची जागा होती. आईनं ती तिच्यासाठी मागितली होती, एकदा नाही, दोनदा. गुरुजींनी ती दिली असती. मी घेतली.

हे मी मराठीत लिहिलं. गोंडीत बोलायला हवं होतं. ज्या एका माणसाला हे सांगायचं, तिला हे वाचता येणार नाही, आणि का येणार नाही ते वर लिहिलं आहे.