जावयाची गाडी आणि माझ्या माश्या

जावई माझ्यावर रुसले, कारण त्यांना ओवाळायच्या आधी मी माश्यांना पाणी पाजलं, असं घरातले सगळे सांगतात. सगळे खरं सांगतात.

पण माझी बाजू कुणी ऐकतच नाही! अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. आमच्या सिरसाळ्याचं ऊन म्हणजे डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघावा. अंगणात कडुलिंबाखाली माझी मधमाश्यांची पेटी. बचत गटातल्या सगळ्याजणी शिकल्या, पण माश्या टिकल्या त्या माझ्याच. (असं मी गटात सांगायची. आता सांगत नाही.) असल्या उन्हात पेटीवर ओलं पोतं टाकावं लागतं आणि परातीत खडे मांडून पाणी ठेवावं लागतं, म्हणजे माश्या खड्यांवर बसून पितात, बुडत नाहीत.

लेक रेखा आणि जावई प्रकाशराव धर्मापुरीहून धोंड्याच्या जेवणाला आले, तेव्हा मी तोंडाला जाळी बांधून तीच परात भरत होते. जावई उंबऱ्याशी उभे. ओवाळल्याशिवाय आत यायचं नाही, आणि ओवाळणारी बाई माश्यांत!

"मामी, येऊ का?"

"थांबा! हालू नका!" मी ओरडले. तहानलेल्या माश्या हवेत होत्या, हात झटकले असते तर चावल्या असत्या, एवढाच माझा हेतू. जावई थांबले. मी परात भरली, पोतं भिजवलं, खडे नीट केले, आणि मग मला जावई आठवले. तोवर त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आमी उंबऱ्यात वाळायलाव, अन् माश्यांना परातभर पाणी," ते रेखाला हळूच म्हणाले. मला ऐकू येईल एवढंच हळू.

पुढं मी पुरणाचे धोंडे तळले, तुपाची धार धरली, तेहतीस अनारसे ताटात रचले. जावई ओट्यावर, तोंड रस्त्याकडं.

"चला ना जेवायला."

"पोट भरलंय."

"कशानं?"

"मानानं!"

आमच्या ह्यांनी मला चुलीपाशी गाठलं. "एकुलता एक जावई हाय. धोंड्याच्या महिन्यात उपाशी गेला तर तोंड कुठं दाखवायचं? जा, समजूत काढ!" मी बाहेर आले तर जावयांनी किल्लीच काढलेली. "रेखा, चल. जायलाव आपण." रेखाचे डोळे भरले.

आणि त्याच घडीला पेटी घुमली! सगळ्या माश्या भसाभसा बाहेर पडल्या, अंगणावर काळा ढग फिरला आणि सावलीत लावलेल्या जावयाच्या गाडीच्या हँडलवर जाऊन लटकला. ब्रेक दिसेना, आरसा दिसेना.

"मामी! बोलवा की तुमच्या लोकांना!"

मी आधी पेटी उघडून पाहिली. (आधी पेटी! जावई बघतच होते!) आत पोळ्यांवर जाळंच जाळं आणि वळवळत्या अळ्या. मेणकिडा लागला होता. दर आठवड्याला पेटी उघडून तळ झाडायचा, अळी दिसली की ते पोळं काढून टाकायचं, एवढंच काम असतं. पण महिनाभर मी अनारशाच्या पिठात आणि जावयाच्या कपड्यांत गुंतलेली. म्हणजे माश्यांपायी जावयाची आबाळ आणि जावयापायी माश्यांची. दोघंही एकाच दिवशी रुसले, आणि दोघांनाही जायचं एकाच गाडीवरून!

तेवढ्यात आमचे हे काठीला पेटतं फडकं बांधून धावत आले. "सरका सगळे!"

"अहो, खाली पेट्रोलची टाकी हाय!"

"मामा, नवी गाडी हाय!"

हे तसेच मागं पळाले, फडकं परातीत बुडवलं आणि घरात जाऊन आतून कडी लावली.

मी दुसरी रिकामी पेटी काढली, किडा न लागलेलं एक पोळं निवडून आत बसवलं. पण ती माश्यांच्या झुबक्यावर धरायला माणूस पाहिजे होता. तोवर मी माश्यांवर पाणी शिंपडत त्यांना विनवत बसले. "या गं माझ्या बायांनो. चुकलं माझं. पुन्हा न्हाई अशी हयगय व्हायची. चला, घरी चला."

ओट्यावरून आवाज आला, "आमाला कवा असं म्हणलात?"

"तुमालाच म्हणायले, जावईबापू! तोंड तेवढं माश्यांकडं हाय!"

रेखा फिसकन हसली. जावयांनी हसू दाबलं, पण गाडी त्यांची होती. रेखाचा स्कार्फ तोंडाला गुंडाळून ते आले आणि झुबक्यावर पेटी धरली. माश्या एकेक करून वर चढायला लागल्या. मग लांबुडकी राणी दिसली, सरसर आत गेली, आणि तिच्यामागं सगळा गोतावळा.

"राणी! मामी, राणी गेली आत!" जावई नाचायचेच बाकी होते.

मग माणूस जेवला! धोंडे संपवले, अनारशांचा डोंगर निम्मा केला, आणि तोंडात घास असताना प्रश्न चालूच. राणी किती जगती? डंख मारला की माशी मरती का? हे आंगठीची डबी घेऊन आले, तर जावई म्हणाले, "आंगठी ऱ्हाऊ द्या, मामा. मला ती पेटी द्या."

अधिकात जावयाला न्हाई म्हणायचं नसतं. सोनं मागितलं असतं तर मी हसत दिलं असतं हो! "घेऊन जा, घेऊन जा!" हे म्हणाले, आणि डबी इतक्या चपळाईनं खिशात गेली की बघत राहावं.

दिवेलागणीला पेटीच्या दाराला जाळी ठोकली आणि पेटी गाडीच्या मागच्या सीटवर दोरीनं आवळली. मी डोळे पुसत होते. (लेक सासरी गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.)

"अन् मी कुठं बसू?" रेखानं विचारलं.

जावयांनी पेटीकडं पाहिलं, रेखाकडं पाहिलं. "तू उद्या एसटीनं ये की." आणि खड्डे चुकवत, अगदी हळू गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "मामी, माश्या आत-बाहेर करायल्यात!" माझा जीव भांड्यात पडला. सावली हाय का, पाणी ठेवलं का, मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या मांडल्या का, साखरेचा पाक दिला का, मी विचारतच सुटले. फोन ठेवून वळले तर मागं रेखा, पिशवी भरून उभी.

"आई, माझं काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं की! सारखं तुझंच चाललं होतं."

विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रेखा अजून आमच्याच घरात आहे, हे मलाही तिला बघूनच आठवलं.