मानाचा खण

प्रिय मुक्ता आणि नील,

मुक्ताच्या लग्नाची पत्रिका परवा पोहोचली. जाड पांढऱ्या कागदावर चार ओळी, आणि त्यांत नुसती नावं. ना चिरंजीव, ना सौभाग्यकांक्षिणी, ना बापाच्या नावाआधी साधं श्री. तुमच्या बाबाला ती पाहून धक्का बसला. फोनवर म्हणाला, "आई, आपल्या घरात असं कधी झालंय का?" झालंय. तो जन्मण्याच्या कितीतरी आधी झालंय, आणि तो धक्का याहून मोठा होता. फोनवर एवढं सांगता येत नाही आणि मला गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून लिहायला बसले.

तर पहिली गोष्ट ही, की तीस सालच्या उन्हाळ्यात सारं सोलापूर पेटलं असताना विलायतेतल्या बादशहाचा एकच निष्ठावंत प्रजाजन गावात उरला होता, आणि ते होते आमचे आत्तोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांची निष्ठा एवढी कडक, की पोस्टाच्या तिकिटाला त्यांनी कधी जीभ लावली नाही. तिकिटावर बादशहाचं डोकं असे. ते वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून, अंघोळ घालावी तसं तिकीट ओलं करत आणि ते तिरकं बसलं तर हळहळत. गावातलं कुणी सरकारला शिव्या देऊ लागलं की ते उठून आत जात आणि पाणी पिऊन येत. आत्या म्हणायची, देशात असंतोष वाढला तसं ह्यांचं पाणी पिणं वाढलं.

मंगळवार पेठेत त्यांचा लहानसा छापखाना होता. पुढच्या खोलीत छपाईचं यंत्र, मागे खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस आणि त्यांच्यापुढे उभा मल्लय्या, त्यांचा जुळारी. मल्लय्या तेलुगू विणकरांच्या घरातला. घरी माग असूनही हा शिशाची अक्षरं जुळवण्यात रमला होता. जन्मभर उलटी अक्षरं वाचून आत्तोबांना सुलट वाचायचा कंटाळा आला होता. चहा पिताना वर्तमानपत्र उलटं धरत, आणि शेंगांच्या चटणीची पुडी सोडली की चटणी आत्याकडे सरकवून कागद आधी वाचत. देवळात आरती चालू असताना शेजारच्याचा उच्चार चुकला तर टाळ्या थांबवून तो दुरुस्त करत. लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांच्याकडे मागणं हा अपमान समजला जाई, आणि तो करायची हिंमत आमच्या बाबांनाही नव्हती.

या छापखान्यात एक गोष्ट होती, जी मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. एका वेगळ्या खणात आत्तोबा सगळे मानाचे शब्द आधीच जुळवून, दोऱ्याने बांधून तयार ठेवत. राजमान्य राजश्री, वेदशास्त्रसंपन्न, तीर्थरूप, गंगाभागीरथी, रावसाहेब, रावबहादूर. पत्रिका आली की गठ्ठा उचलायचा आणि नावापुढे बसवायचा. याला ते मानाचा खण म्हणत. कुणाला कोणता गठ्ठा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. वकिलांना राजमान्य राजश्री. किराणा दुकानदारालाही तेच, पण लहान टायपात. मिलमधले कामगार, विणकर, धनगर यांना काहीच नाही, नाव उघडं. त्यात दुष्टपणा नव्हता. ऊन डोक्यावर येतं तसा मान वरून येतो, असं ते खरोखर मानत. मल्लय्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं तेव्हा त्याने भीत भीत विचारलं होतं, की आपल्या नावापुढे एवढा एक गठ्ठा लावला तर चालेल का. आत्तोबा अगदी मायेने म्हणाले, "मल्लय्या, मान देणारा मी कोण? मी फक्त छापतो." मल्लय्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं उघडं नाव जुळवलं. मालकाची पाठ वळल्यावर तो गठ्ठा उचलू शकला असता. उचलला नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या अक्काचं लग्न ठरलं होतं. बार्शीचं स्थळ. मुलाचे वडील निवृत्त मामलेदार आणि सरकारकडून रावसाहेब ही पदवी मिळालेले. आमचे बाबा कोर्टातले साधे कारकून, हे स्थळ जमवायला त्यांनी चपला झिजवल्या होत्या. अक्काने मुलाला एकदाच पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. हे तिने फक्त मला सांगितलं होतं, मी दहा वर्षांची होते म्हणून. पत्रिका अर्थातच आत्तोबा छापणार होते. रावसाहेब हा गठ्ठा खणातला सर्वांत जाड आणि सर्वांत कमी वापरलेला. तो वापरायला मिळणार म्हणून आत्तोबा आमच्यापेक्षा खूश होते.

मग जमावावर पोलिसांचा गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवस गावात पोलीसच दिसेनात आणि चौकाचौकांत स्वयंसेवक उभे राहून टांग्यांना वाट दाखवू लागले. आम्ही मुलं खिडकीतून ते पाहत होतो आणि आम्हाला खरं वाटत नव्हतं. पाठोपाठ लष्कर आलं आणि मार्शल लॉ पुकारला गेला. झेंडा लावायचा नाही, जमाव करायचा नाही, पांढरी टोपी घालायची नाही. आत्तोबांनी हुकूम वाचून, उलटा धरून, मान डोलावली. म्हणाले, सरकारने विचार करूनच केलं असेल.

एरवी बाहेर जाताना आत्तोबा पगडी घालत, पण छापखान्यात केसांना शाई आणि तेल लागू नये म्हणून आत्याने शिवलेली मांजरपाटाची एक टोपी घालत. पांढरी. ती त्यांच्या डोक्यावर कितीतरी वर्षं होती, टोपीला राजकारण चिकटण्याच्याही आधीपासून. एके सकाळी छापलेल्या कागदांचा गठ्ठा उन्हात ठेवायला ते तसेच दाराबाहेर आले, आणि समोरून शिपायांची तुकडी येत होती.

शिपायाने बंदुकीच्या टोकाने टोपी उडवली आणि बादशहाच्या या शेवटच्या निष्ठावंताला चौकात नेऊन धरलेल्या मिलकामगारांच्या रांगेत उन्हात उभं केलं. टेबलाशी एक कारकून नावं लिहीत होता. त्याच्या लग्नाची पत्रिका आत्तोबांनीच छापली होती, लहान टायपात का होईना, पण राजमान्य राजश्रीसह. आत्तोबांनी त्याला आपलं नाव पुढच्या मानासकट सांगितलं. कारकुनाने मान वर न करता म्हटलं, "इथं नुसतं नाव." आणि नुसतं लिहिलं. रांगेतल्या एकाने सरकून आत्तोबांना भिंतीची हातभर सावली दिली, आपल्याला मिळालेलं पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, वळखलं न्हाय व्हय? माजं लगीन तुमीच छापलंय की." त्याचं नाव आत्तोबांना आठवेना. उघड्या नावांची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मल्लय्या दिवसभर चौकाच्या टोकाशी, शिपाई हाकलतील तिथे, त्यांची पगडी कापडात गुंडाळून उभा होता. संध्याकाळी सोडून दिल्यावर त्याने ती पुढे केली. आत्तोबांनी घेतली नाही. भर रस्त्याने बोडक्या डोक्याने घरी आले. आत्याने दार उघडलं आणि किंकाळी तोंडातच दाबली. तेव्हा घरात कुणी गेलं तरच पुरुष बोडक्या डोक्याने रस्त्यावर दिसे, त्यामुळे कुणी गेलं की काय, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मानाचा खण टेबलावर उपडा केला आणि एकेका गठ्ठ्याचा दोरा सोडून खिळे आपापल्या घरांत टाकले. 'रा'च्या घरात 'रा', 'व'च्या घरात 'व'. कामाला हात लावायला आलेल्या मल्लय्याला त्यांनी हात लावू दिला नाही. मग अक्काची पत्रिका जुळवली आणि पत्ते घालून परस्पर पोस्टात टाकली, कारण प्रूफ त्यांच्याकडे कुणी मागतच नसे. आमच्या हाती पत्रिका आली तेव्हा बाबा खाली बसले. सगळे श्रीयुत. आमचे बाबा श्रीयुत, मंगलाष्टकं म्हणणारे शास्त्री श्रीयुत, आणि बार्शीचे रावसाहेबही नुसते श्रीयुत.

बाबांची पंचाईत तुम्हाला कळणार नाही. आत्तोबा आमच्या घरचे जावई. जावयावर आवाज चढवायचा नसतो. बाबांनी आवाज जमिनीइतका खाली ठेवून विचारलं, "दाजी, हे लग्न मोडणार. दुसरी छापता का?" आत्तोबा म्हणाले, "तो खण रिकामा आहे." बाबा म्हणाले, "खिळे तर आहेत ना?" आत्तोबा पाणी प्यायला आत गेले.

चौथ्या-पाचव्या दिवशी रावसाहेब स्वतः दारात उभे राहिले. बार्शीच्या छोट्या आगगाडीने आले होते, कोटावर कोळशाची धूळ आणि हातात पत्रिका. अक्का स्वयंपाकघराच्या दाराआड माझं मनगट धरून उभी होती, आणि तिची नखं रुतत होती. रावसाहेब जे सांगू लागले ते ऐकून बाबांचं तोंड उघडंच राहिलं. पत्रिका बार्शीत पोहोचली आणि गावाला वाटलं, सोलापूरच्या अत्याचाराचा निषेध म्हणून यांनी पदवी सोडली. लोक दारात जमले. म्हाताऱ्या विणकरणींनी ओवाळलं. पोरांनी हार घातला. दुसऱ्या दिवशी कचेरीतून विचारणा आली, की हे खरं का. "मी काहीही सोडलेलं नाही," रावसाहेब म्हणाले. "तुम्ही पत्रिका पुन्हा छापा, नाहीतर लग्न विसरा."

लग्नाच्या तयारीसाठी आत्याबरोबर आलेल्या आत्तोबांकडे बाबांनी पाहिलं. आत्तोबांनी टोपीची सगळी हकीकत सांगितली, हळू आवाजात, स्वतःवर न हसता आणि न रडता. शेवटी म्हणाले, "रावसाहेब, तुम्हाला तोंडाने शंभर वेळा रावसाहेब म्हणतो. पण शिशात आता माझ्याच्यानं होत नाही."

तेव्हा आमची अक्का, जिने परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, दाराआडून बोलली. "ज्यांनी हार घातला, त्यांना काय सांगणार?"

बाबांनी डोळे मिटले. रावसाहेब दाराकडे बघत राहिले. मग पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि आत्याने आणून ठेवलेलं पाणी प्यायले. म्हणाले, पदवी आली तेव्हा एक लखोटा आला होता. दारात माणूस कुणी आलं नव्हतं. आणि मग, मुहूर्त बदलायचा नाही.

लग्न झालं. मार्शल लॉमुळे वाजंत्री नाही, वरात नाही. रावसाहेबांनी पदवी परतही केली नाही आणि पुन्हा कुठे छापलीही नाही. पुढे कॉलेजात मी इंग्रजीतून फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा इतिहास शिकले. तिथे सगळ्या पदव्या मोडून राजालाही नुसता नागरिक म्हणत होते, असं वाचलं आणि भर वर्गात हसले.

आत्तोबांची वकील आणि व्यापारी गिऱ्हाइकं दुसऱ्या छापखान्यांत गेली. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. विणकर आणि मिलमधले लोक मात्र येत राहिले, आणि आत्तोबा प्रत्येकाला श्रीयुत लावून, त्याचं नाव मोठ्याने दोनदा म्हणून पाठ करत. मग मल्लय्याच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. त्या दिवशी मी छापखान्यातच होते. मल्लय्या कागद पुढे ठेवून म्हणाला, "मालक, आता तरी माज्या नावाला राजमान्य राजश्री लावा की."

आत्तोबा म्हणाले, "ते आता कुणालाच नाही, मल्लय्या. मलाही नाही."

मल्लय्याने पुढे ठेवलेला कागद परत उचलला. "लई मोटी गोष्ट केली मालक," तो म्हणाला. "पर आमची पाळी आली तवाच दुकान बंद केलं."

आत्तोबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्या चौकातल्या दिवशीही आलं नसेल. एवढा मोठा बदल करून बसलेला माणूस, आणि हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते पाणी प्यायला गेले नाहीत. मल्लय्याला त्यांनी स्टुलावर बसवलं, जिथे फक्त गिऱ्हाईक बसत असे, आणि स्वतः केससमोर उभे राहिले. सर्वांत मोठ्या टायपात एकेक खिळा उचलून त्यांनी ते दोन शब्द जुळवले आणि त्यांच्यापुढे मल्लय्याचं पूर्ण नाव बसवलं. छपाई झाल्यावर दोरा बांधला नाही. खिळे परत घरांत टाकले. त्यानंतर ते शब्द त्यांनी पुन्हा जुळवले नाहीत.

छापखाना आज नाही. आत्तोबा, आत्या, अक्का कुणीही नाही. अक्काची पत्रिका कुठे हरवली, मला ठाऊक नाही. साखर पेठेत मल्लय्याच्या नातवाच्या घरी, मागाच्या वरच्या भिंतीवर, ती एक पत्रिका काचेत लावलेली आहे.