चिठ्ठी नसलेली माती

कुमुदमावशी आमच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी मागायला आल्या आणि पहिल्या दोन मिनिटांत त्यांनीच माझी मुलाखत घेतली. काउंटरवर नमुन्याची डबी उघडी होती. येणाऱ्या बायका त्यातला काळा चिखल अलगद हातावर लावून डोळे मिटतात. मावशींनी चिमूटभर उचलला, अंगठ्यानं बोटावर चोळला, थेंबभर पाणी घेतलं आणि तळहातावर त्याची शेवईसारखी बारीक दोरी वळली. दोरीचं कडं करून बोटात अंगठीसारखं घातलं. तुटलं नाही.

"चिकण आहे. कुठली?"

मी छाती पुढे काढली. कॉलेजात एकांकिका केलेल्या माणसाला प्रेक्षक मिळाला की राहवत नाही. "मावशी, ही वाळवंटातल्या एका प्राचीन खाऱ्या सरोवराची माती! राण्या-महाराण्या..."

"सरोवर मोठं असतं, बाप्पा. कुठल्या काठाची?"

माझ्या राण्या तिथेच विरघळल्या. मी त्यांना नोकरी देऊन टाकली. एवढ्या सफाईनं चिखल हाताळणारं माणूस टेक्सासमधल्या अर्विंगच्या त्या मॉलमध्ये दुसरं कुठे मिळणार होतं?

मावशी एकतीस वर्षं अकोल्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत होत्या. निवृत्तीनंतर सुमेधकडे, म्हणजे मुलाकडे, ग्रीन कार्डावर अर्विंगला आल्या. घरात बसून त्यांना करमेना. इथली माती पाहून मात्र त्या हरखल्या होत्या. "अरे, ही तर आपली काळी! उन्हाळ्यात तशाच भेगा. उगीच विमानात इतके तास बसले."

प्रयोगशाळेतली एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. मातीचा नमुना आला की पिशवीवर एक चिठ्ठी आणि पिशवीत एक: गाव, शेत कुणाचं, किती खोलवरून घेतली. "वरची चिठ्ठी लोकांसाठी. पुसली जाते, फाटते. आतली खरी. ती पेन्सिलीनं लिहायची, ओलीनं पसरत नाही." एका बड्या असामीनं बिनचिठ्ठीच्या बारा पिशव्या पाठवल्या, तेव्हा मावशींनी त्या जशाच्या तशा परत धाडल्या होत्या. प्रयोगशाळेचे साहेब चिडले. मावशी म्हणाल्या, "साहेब, चिठ्ठी नसली की ती माती नाही, धूळ. धुळीचा अहवाल कसा देऊ?"

आमच्या दुकानात त्यांनी कमाल केली. मी संवाद फेकून विकायचो, त्या हात धुऊन. गिऱ्हाईक बाईला खुर्चीवर बसवायच्या, तिचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि कोमट पाण्यानं असा धुवायच्या की बाई आपल्या सासूबद्दल बोलायला लागायची. मग डबी घेऊनच जायची.

तेव्हाच मला ती अचाट कल्पना सुचली. जानेवारीत मावशींच्या सुनेचं, सईचं, हळदीकुंकू होतं. "मावशी," मी म्हटलं, "वाण म्हणून आपल्याच डब्या द्या! चाळीस डब्या मी कंपनीकडून जाहिरातीच्या खर्चात मिळवतो. चाळीस घरांत आपलं नाव!" मावशींनी स्वतःच्या हातानं चाळीस जणींच्या ओटीत तो चिखल घातला. प्रत्येकीला सांगितलं, "घे गं, चांगली माती आहे. मी तपासली आहे."

फेब्रुवारीत दुकानासमोर पाट्या आल्या.

दर शनिवारी दहा-बारा माणसं आमच्या दुकानाला लागून असलेल्या मॉलच्या दाराबाहेर उभी राहायची. त्यांचं म्हणणं सोपं होतं: सरोवराच्या ज्या काठावरून हा चिखल येतो त्या काठावर एका देशाचा ताबा आहे आणि गावं दुसऱ्या लोकांची आहेत. डबीवर नाव छापलंय ते ताबा असलेल्या देशाचं. म्हणून हे विकत घेऊ नका. कंपनीनं आम्हाला ईमेल पाठवली: हसा, पाणी विचारा, विषय बदला. मी तर हसण्यात तरबेज. अशी काही प्रसन्न मुद्रा धारण केली की दोन निदर्शकांनी मला विचारलं, तब्येत ठीक आहे ना?

मावशींनी ईमेलमधला फक्त पाण्याचा भाग पाळला. चार बाटल्या घेऊन बाहेर गेल्या आणि चाळीस मिनिटं आल्याच नाहीत. काचेतून दिसत होतं, नादिया नावाच्या एका बाईशी त्या बोलत होत्या. नादिया माझ्याच वयाची, शाळेत गणित शिकवणारी. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, 'ही माझ्या आजीच्या गावची माती आहे.'

मावशी आत आल्या, एप्रनला हात पुसले. "विनायक, ती म्हणते तिच्या गावची. डबी म्हणते दुसऱ्याची. तू काय म्हणतोस?"

"मावशी, कंपनीकडे सरकारी परवानगी आहे."

"कुठल्या सरकारची?"

रंगभूमीवर मी बरेच पॉज घेतले आहेत. इतका लांब एकही नाही.

"मग जोवर कळत नाही तोवर मी हिला चांगली म्हणणार नाही," मावशी म्हणाल्या. "अंघोळीचं मीठ विकते, साबण विकते. चिखलाची डबी तू विक."

त्या दिवसापासून त्यांनी कंपनीला दर सोमवारी ईमेल लिहायला सुरुवात केली. मावशींचं इंग्रजी प्रयोगशाळेतल्या अहवालाचं: छोटी वाक्यं, खाली सही. 'अमुक लॉटची माती कोणत्या गावच्या हद्दीतली आहे? जमीन कुणाची? काढण्यापूर्वी कुणाला विचारले?' उत्तर यायचं, आपल्या सूचनेबद्दल आभार. पुढच्या सोमवारी त्या लिहायच्या, 'ही सूचना नव्हती. प्रश्न होता.'

घरी सुमेध वैतागला. मी चहाला गेलो होतो तेव्हाच म्हणाला, "आई, यार, दोन देशांचं भांडण आहे. आपण बाहेरून इथे आलेली माणसं. तुझी नोकरी जाईल. कशाला इन्व्हॉल्व्ह होतेस?"

"भांडण त्यांचं असू दे," मावशी म्हणाल्या. "माती मी वाटली आहे. माझ्या शब्दावर घेतली चाळीस जणींनी."

मार्चमध्ये कंपनीचा रिजनल मॅनेजर टॉड आला. दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून. मावशींनी त्याला खुर्चीवर बसवलं, त्याचा हात हातात घेतला, कोमट पाण्यानं धुतला. टॉड सैल पडला. मग मावशींनी विचारलं, "ही कुणाच्या जमिनीतली?"

"मॅडम, ते फार गुंतागुंतीचं आहे."

"गुंतागुंतीचं असेल तर चिठ्ठी मोठी लिहा. मी वाचीन."

दुकानात चार बायका होत्या. त्यातली एक हसली. टॉडनं हात काढून घेतला, अर्धा ओला. मागच्या खोलीत नेऊन त्यानं मावशींना सांगितलं: आजपासून चिखल विकायचा, नाहीतर एप्रन ठेवायचा. मी तिथेच उभा होतो. मॅनेजर मी, त्यांना घेणारा मी, वाणाची कल्पना माझी. एक ओळ बोलायची होती. संवाद पाठ होता. मी बोललो नाही.

मावशींनी एप्रनची नीट घडी घातली. जाताना मला म्हणाल्या, "रविवारी गाडी घेऊन ये. वाण परत आणायचंय."

"वाण? परत? मावशी, वाण कुणी परत मागतं का?"

"कुणीच मागत नाही. म्हणून तर तुझी गाडी हवी. बसनं गेले तर लाजून अर्ध्यातून परत येईन."

असे आम्ही पाच रविवार हिंडलो. मावशी रिकाम्या हातानं मागणाऱ्या नव्हत्या. प्रत्येक डबीच्या बदल्यात कागदी पेल्यात एक तुळशीचं रोप, पेल्यावर चिठ्ठी. त्या रोपांच्या मातीचंही एक प्रकरण झालं होतं. सुमेधचं घर भाड्याचं. मावशींनी परसातली माती खणण्यापूर्वी घरमालकाला फोन लावला. मोठी हॅट घालणारा टेक्सन माणूस. त्याला वाटलं नळ फुटला. पाच मिनिटांनी त्याला कळलं की ही बाई चाळीस पेले माती मागते आहे. तो म्हणाला, "मॅडम, आजवर मला हे कुणी विचारलं नाही. खुशाल घ्या."

कुणी दारातच डबी आणून दिली, कुणी वाद घातला. देशपांडेकाकू म्हणाल्या, "अहो, अपशकुन असतो! सवाष्णीचं वाण परत नेता?"

"अपशकुन माझ्या नावावर लिहा," मावशी म्हणाल्या. "मी न विचारता दिलं. चूक माझी. डबी द्या."

एकीनं डबी वापरून संपवली होती. ती ओशाळून म्हणाली, "मावशी, आता काय करू?"

"काही नाही. चेहरा तुझा आहे, राहू दे." आणि तिलाही रोप दिलं.

चाळीसपैकी सदतीस डब्या जमल्या. शनिवारी मावशी त्या डब्यांचं खोकं घेऊन मॉलच्या दाराशी नादियासमोर उभ्या राहिल्या. मी दुकान सोडून बाहेर आलो होतो. एप्रन अंगावरच होता, एवढंच माझं शौर्य.

"ही तुझी आहे की नाही, मला ठाऊक नाही," मावशी म्हणाल्या. "मी विचारलं, कुणी सांगितलं नाही. माझी नाही, एवढं नक्की. तू ठेव."

नादियानं एक डबी उघडली. वास घेतला. तिला घोषणा द्यायच्या होत्या बहुतेक, पण ती फुटपाथच्या कडेला बसली. "मी ते गाव कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. मावशी गुडघे धरत तिच्या शेजारी बसल्या आणि तिला दोरी कशी वळायची ते दाखवू लागल्या. दोघींच्या बोटांत काळी कडी. पाट्या घेऊन उभी असलेली माणसं वाकून बघत होती.

मी दुकान सोडलं, पण लगेच नाही. चार महिने लागले. मी शूर माणूस नाही, फक्त आवाज मोठा आहे. आता एका नर्सरीत झाडं विकतो. गिऱ्हाइकानं विचारलं की माती कुठली, तर सांगतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो, आणि तेही जरा नाट्यमय पॉज घेऊन.

गेल्या वर्षी कुमुदमावशी गेल्या. झोपेतच. सोमवार होता. सुमेधनं सांगितलं, कंपनीला लिहिलेली त्या आठवड्याची ईमेल ड्राफ्टमध्ये तयार होती. त्यानं ती पाठवली. पुढच्या सोमवारी स्वतःच्या नावानं लिहिली.

माझ्याकडे त्यांनी दिलेलं एक रोप होतं, पेल्यासकट छोट्या कुंडीत लावलेलं. पेल्यावरची चिठ्ठी पावसानं केव्हाच पुसली होती. झाड मोठं झालं म्हणून या वसंतात मी ते मोठ्या कुंडीत हलवायला काढलं. मुळांच्या जाळ्यात घट्ट घडी घातलेला प्लास्टिकचा तुकडा होता, आत कागद. पेन्सिलीचं अक्षर, अहवालासारखं, खाली सही:

'अर्विंग. सुमेधच्या परसातली. सहा इंच खालून. मालकाला विचारून घेतली.'