बूथवरची हरकत

आमच्या भागाचे आमदार म्हातारे झाले होते. मी लग्न होऊन पडेगावला आले तेव्हा तेच होते आणि माझी मुलगी दहावीला गेली तरी तेच. मग एकदा क्रांती चौकातल्या सभेत त्यांनी माईकवरून सांगून टाकलं की आता गुडघे साथ देत नाहीत, यापुढं उभा राहणार नाही. इतक्या वर्षांनी जागा मोकळी झाली. पक्षानं तिकीट त्यांच्या पुतण्याला दिलं आणि समोरून उभ्या राहिल्या आमच्या बाई.

बाई म्हणजे कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापिका. शेवटच्या वर्षाला वडिलांनी कॉलेजातून माझं नाव काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या आमच्या घरी आल्या होत्या. भांडल्या नाहीत, समजावलंही नाही फारसं. "पोरीची परीक्षा होऊ द्या, मग काय ते ठरवा," एवढंच म्हणाल्या. चहा झाला, पुन्हा तेच म्हणाल्या. शेवटी वडील कंटाळून हो म्हणाले. मी पदवीधर झाले ती अशी. पुढं नोकरी केली नाही, घरातच शिलाई मशीन टाकली, ती गोष्ट वेगळी.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, जुन्या आमदारांच्या अगदी जवळचे. साहजिकच आता ते पुतण्याच्या मागं उभे होते आणि धाकटे भाऊजी त्याचे आमच्या बूथवरचे एजंट. बाईंच्या बाजूनं त्याच बूथवर बसायला कुणी मिळेना. गल्लीत सगळ्यांना बाई चांगल्या वाटत होत्या, पण मामांसमोर उघड बसायचं म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी काम निघायचं. मी म्हटलं, मी बसते.

त्या दिवशी जेवताना मामा म्हणाले, "मत कुणालाबी दे, ते तुझं तू बघ. पण बूथवर बसायचं म्हंजे साऱ्या गावासमोर बसायचं."

"मग चोरून कशाला करू मामा?"

मामांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. "ऐकतो का रे?"

हे भाजीकडं बघत म्हणाले, "मी ऐकून काय करू? बसणार तर तीच हाय."

सासूबाई भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "बसू द्या दोघांना. पण डबा एकच देणार मी. दोन पार्ट्यांचे दोन डबे मला जमायचे नायत."

मतदानाच्या दिवशी भाऊजींच्याच गाडीवर मागं बसून मी शाळेत गेले. पहिलीच्या मुलांचे बाक होते, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागत होतं. एजंटचं काम असं असतं : मतदार आत आला की कर्मचारी त्याचं नाव मोठ्यानं वाचतो. माणूस तोच आहे ना, ते एजंटांनी बघायचं. शंका आली तर हरकत घ्यायची. हरकत घेतली की केंद्राध्यक्ष काम थांबवून चौकशी करतात. आम्ही दोघं एकाच बाकावर होतो. गल्लीतलं कोण येतंय, कुणाला देईल, हे आम्हाला दोघांनाही चेहऱ्यावरून कळत होतं. आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो.

मामा सकाळीच येऊन गेले. आमच्याकडं न बघता मत टाकलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "चहा मिळाला का?" कुणाला विचारलं ते कळलं नाही. दोघंही एकदम हो म्हणालो.

जेवणानंतर बाईंचा एक कार्यकर्ता दारापाशी आला आणि त्यानं मला खूण करून बाहेर बोलावलं. प्रचारात तो फार राबला होता. आवाज पार बसला होता त्याचा.

"ताई, नव्या वस्तीतल्या बायका आल्यात. लाईन बघा."

मी बघितली. कंपनीची शिफ्ट सुटल्यावर परस्पर आलेल्या, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या. त्या वस्तीत जुन्या आमदारांनी बोअर घेऊन दिला होता, लाईट आणली होती. तिथली मतं पुतण्याला जाणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

"मग?" मी म्हटलं.

"एकेकीवर हरकत घ्या. ही ती बाई नाय म्हणा."

"पण त्या त्याच आहेत. माझ्याकडं कपडे शिवायला येतात त्या."

"ते साहेब ठरवतील ना! तुम्ही फक्त म्हणायचं. आज त्यांच्या वस्तीत नळाला प्यायचं पाणी सुटणार हाय. घटकाभर लाईन तटली की निघाल्या बघा घराकडं."

आमच्याकडं नळाला पाणी म्हणजे आठवडाभर वाट बघायची गोष्ट. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका लग्नाच्या पंगतीतून उठून येतात. त्याचा हिशेब बरोबर होता. मीही त्या रांगेत असते तर निघून गेले असते.

"बाईंनी सांगितलं का हे?"

"बाईंना काय काय विचारायचं? ताई, सीट अटीतटीची हाय. अशाच एका बूथवर जाईल."

मी आत येऊन बसले. भाऊजींनी विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही."

पहिली बाई आत आली. कर्मचाऱ्यानं स्कार्फ खाली घ्यायला सांगितला, नाव वाचलं. मी नुसता हात वर करायचा होता. बाई जिंकाव्यात असं मला किती वाटत होतं, ते मला ठाऊक. मनात हेही आलं की समोरचेही कुठंतरी असंच काहीतरी करत असतील. तेवढ्यात तिनं मला बघितलं आणि हसून म्हणाली, "ताई, माझा ब्लाउज झाला का?"

"इथं बोलायचं नाही," केंद्राध्यक्ष ओरडले.

मी मान हलवली. ती गेली, मशीनचा लांब आवाज आला. मग दुसरी आली, मग तिसरी. मध्ये एक मला अजिबात ओळखू येईना. तिच्याबद्दल मी उठून विचारलं. ती कुणाची तरी नवी सून निघाली, ओळखपत्र बरोबर होतं, लगेच निकाल लागला. बाकी कुणावर मी हात वर केला नाही. दारातून कार्यकर्ता माझ्याकडं बघत होता. थोड्या वेळानं तो दिसेनासा झाला.

रांग संपली. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, मला ऐकू आलं होतं."

"मग गप का बसलात?"

"तुम्ही काय करता ते बघत होतो." आणि मग म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे."

मतमोजणीच्या दिवशी मामा टीव्हीसमोर आणि मी मशीनवर. दर फेरीला पारडं फिरत होतं. बाई पुढं, मग पुतण्या, मग पुन्हा बाई. मी एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. शेवटच्या फेरीनंतर बाईंच्या लोकांनी फेरमोजणी मागितली. तिच्यातही आकडा हलला नाही. बाई पडल्या, आणि त्याही आमच्या गल्लीतल्या चार घरांत मावतील एवढ्या मतांनी.

पुतण्याची पोरं गुलाल आणि फटाक्यांची लड घेऊन आमच्या दारात आली. मामांनी गुलाल लावून घेतला आणि म्हणाले, "लड कोपऱ्यावर न्या. आमच्या दारात नको."

"का हो काका?"

"घरात हरलेलं माणूस हाय."

मी आत जाऊन रडले. त्या दिवशी तोवर रडू आलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांत बोलणं कानावर यायला लागलं. सासऱ्यानं सून पेरली होती, बूथ विकला, असं काय काय. बाईंनी मला औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात बोलावून घेतलं. खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या, एक माणूस भिंतीवरचे पोस्टर काढत होता. बाईंनी त्याला बाहेर पाठवलं.

"तुला हरकत घ्यायला सांगितली होती?"

"हो."

"आणि तू घेतली नाहीस."

"त्या खऱ्याच बायका होत्या, बाई."

मला वाटलं होतं की त्या म्हणतील, बरोबर केलंस. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती.

"मी तसा निरोप दिला नव्हता," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? रोज स्वतःला विचारते. सांगता येत नाही."

येताना रिक्षात मला राग आला होता. माझ्यावर आळ आला होता आणि त्यांना आपलीच पडली होती. घरी पोचेपर्यंत राग ओसरला. हरल्यावर इतकं खरं बोलणारं माणूस मी दुसरं बघितलं नव्हतं.

त्यानंतर मला कुणी एजंट केलं नाही. तो कार्यकर्ता अजूनही दिसला की रस्ता बदलतो. त्याच्या जागी त्याचंही खरं असेल. मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त पाहुणे आले की सांगतात, "आमची सून राजकारणात हाय," आणि ते कौतुक आहे की तक्रार, हे मला आजवर उमगलेलं नाही.

उन्हाळ्यात बाईंचा फोन आला. नव्या वस्तीतल्या रस्त्याचं काम अडलं होतं, बायकांशी बोलायचं म्हणाल्या. मी त्यांना घेऊन गेले. बायका जमल्या, पण बोलेनात. मग त्यांच्यातली एक पुढं झाली.

"बाई, आधीच सांगते, आम्ही तुमाला मत दिलेलं नाय."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "रस्ता कुठून कुठवर हवाय ते दाखवा."

त्या बायका पुढं निघाल्या, बाई त्यांच्या मागून, आणि मी सगळ्यांच्या मागं, चपलेत शिरलेले खडे काढत.