बिननावाच्या रांगेतले सासरे

माझी बायको गेली तेव्हा मी जेद्दाला होतो. अझीझियातल्या पडद्याच्या कापडाच्या दुकानात उभं राहून गुडघे झिजले, पण तिच्या मातीला मला जाता आलं नाही. दुकानात आता इथलीच माणसं ठेवायची असा नियम आला होता, म्हणून मला कायमचं घरी पाठवायचं ठरलं होतं. पण माझे कागद कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या मालकाकडे अडकलेले. पाठवायचंच आहे तर आधी सोडा म्हटलं, तर ऐकेना. खोलीतले सगळे म्हणायचे, चाचा, सबर करा. म्हणणाऱ्यांच्या बायका रोज फोनवर बोलत होत्या. मी नमाज सोडली नाही, पण दुवेला हात उचलले की तोंडातून भांडणच निघायचं.

तिने शेवटच्या फोनवर एकच मागितलं होतं. "येताना माझ्या अब्बांना सलाम करून या. तुम्ही निघून आलात की तिकडे आपलं कोण राहणार?" तिचे अब्बा ती लहान असताना अल खर्जच्या पुढे एका शेतावर स्वयंपाकी म्हणून आले, तिथेच वारले आणि तिथल्याच मातीत राहिले. घरात फक्त गावाचं नाव माहीत होतं. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

कागद सुटले तसा बसने अल खर्जला गेलो. रात्री ओळखीच्या माणसाकडे राहिलो. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापून डब्यात घेतल्या. हिच्या माहेरी भाकरीच्या मधोमध अंगठ्याने खळगा करून तूप सोडतात. आमच्याकडे कोणी करत नाही, मीही हिच्यामुळेच शिकलो.

मग त्या गावात पोहोचलो. तिथलं कबरस्तान म्हणजे भिंत आणि आत दगडच दगड. एकावरही नाव नाही. गेटवरचा माणूस म्हणाला, "हाजी, इथे श्रीमंताचीही कबर अशीच असते." मी म्हटलं, श्रीमंताची पोरं गावात असतात, त्यांना दगड माहीत असतो. माझ्या सासऱ्यांना कोण आहे?  गावात विचारलं तर म्हणे, नाव काय त्याचं? नाव सांगितलं. कुणाला कळेना. शेतावर त्यांना नुसतं रफीक म्हणत असतील, तिकडे आम्हा बाहेरच्या कामगारांना सगळ्यांनाच तसं म्हणतात. दुसऱ्यांना रांधून घालता घालता माणूस मेला आणि नावसुद्धा उरलं नाही. माझं डोकं फिरलं. भिंतीच्या सावलीत बसलो आणि वर बघून म्हटलं, तिला नेलंस, निदान तिचं एवढं तरी करायचं होतंस.

भूक लागली म्हणून डबा उघडला. माझ्याच वयाचा एक शेतकरी गाडी उभी करून येत होता. त्याने डब्यात पाहिलं आणि तसाच थांबला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"माझ्या बायकोने."

"माझी आई करायची. गव्हाची नाही, तांदळाचीच. शेतावरच्या हिंदी स्वयंपाक्याने तिला शिकवली होती." त्याने विचारल्याशिवाय एक तुकडा तोडला. "तुझी जाड झाली. त्याची पातळ असायची."

"त्याची मुलगीही मला हेच म्हणायची," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. तो बाजूला बसून खात राहिला.  बरं केलं.

मग त्याने मला आत नेलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून एक रांग होती. म्हणाला, परदेशातून आलेले इथे पुरायचे, माझ्या बापाने त्याला खांदा दिला होता. पण दगड कुठला ते मला आठवत नाही. मी पुन्हा चिडलो. वर बघून म्हटलं, इथवर आणून अर्धंच दिलंस? रांगेच्या टोकाला उभा राहून एकेक दगड बघत होतो. वाटलं, या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी असंच डोकं फोडत असेल, आणि इथवर कोणी पोहोचलं नाही. कुठला कोणाचा हे ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे. माझ्या हाती सलाम होता, तेवढा मी केला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांसाठी दुवा मागितली. शेतकऱ्याने आमीन म्हटलं. कित्येक महिन्यांनी दुवेत माझं भांडण नव्हतं.

राग गेला असं खोटं सांगणार नाही. तिच्या मातीला मला जाऊ दिलं नाही, ते मी विसरणार नाही. पण त्या शेतकऱ्याला त्या वेळी तिथे ज्याने आणलं त्याचे उपकार मानतो. हे आपल्या हिशेबात बसत नाही, म्हणून मी हिशेब त्याच्यावर सोडलाय.

गावी आलो, तिच्या कबरीवर सब्जाचं रोप लावलं. म्हटलं, तुझे अब्बा भेटले गं. त्यातले कुठले, ते मात्र विचारू नको.